अव्वाचा पाय आणि माझी डबी

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं. सोलापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, की पाचवा म्हणजे साधारण पाचवा. कधी चौथा निघतो, कधी सहावा. वेळ विचारायची नसते. आलं की तास-दीड तास राहतं, आणि तेवढ्या वेळात अख्ख्या गल्लीनं पिंपं, घागरी, कळशा, बादल्या, झालंच तर प्रेशर कुकरसुद्धा भरून घ्यायचा असतो. आमच्याकडं माणसाची पत त्याच्या हौदावरून ठरते. माझा हौद मध्यम आहे.

आता आमच्या गल्लीची एक सवय सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. नवं पाणी येतंय असं कळलं की पहिलं काम म्हणजे जुनं पाणी ओतून टाकायचं. कारण ते शिळं असतं. चार दिवस जे पाणी आम्ही थेंबाथेंबानं जपलेलं असतं, ज्याच्यावरून नवरा-बायकोत बोलणं बंद झालेलं असतं, तेच पाणी नवं आल्याची वर्दी मिळताच एका क्षणात शिळं होतं. मग ते पायरीवर, स्कूटरवर, तुळशीत, जिथं जमेल तिथं जातं, भांडी घासून पालथी होतात आणि मगच नळाशी रांग लागते. तेवढा वेळही असतो, कारण पहिली पंधरा-वीस मिनिटं नळातून नुसती हवा येते, मग गढूळ पाणी, आणि मग पाणी.

म्हणजे वर्दी महत्त्वाची. आणि ही वर्दी द्यायचं काम गेली कित्येक वर्षं अव्वाच्या उजव्या पायाकडं होतं.

अव्वा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारी म्हातारी. तेलुगू विणकरांच्या घरातली. तिच्या घरातले माग केव्हाच विकले गेले. मागं अंगणात सूत रंगवायचा सिमेंटचा मोठा हौद तेवढा राहिला, तो आता घासून पुसून पाण्याला वापरतात. अव्वा दिवसभर पायरीवर बसून विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि उजवा पाय पायरीला लागून गेलेल्या पाण्याच्या पाइपावर. गल्लीत पाणी शिरायच्या आधी पाइपात हवा शिरते आणि पाइप आतून जरासा थरथरतो. कानाला काही ऐकू येत नाही. अव्वाच्या तळव्याला येतं. ती हातातली विडी पुरी करायची, दोरा गुंडाळायची, आणि मग एकच हाक द्यायची, "आलं गं." पाच मिनिटांत गल्ली ओली.

या व्यवस्थेत मला काय कमी दिसलं, हे मी अजून स्वतःला नीट विचारलेलं नाही.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. माझं तंत्रज्ञानाचं ज्ञान म्हणजे, ऑफिसातला प्रिंटर अडला की मला बोलावतात आणि मी तो बंद करून परत चालू करतो. एवढ्या भांडवलावर मी वीसेक वर्षं मान खातोय. घरी मात्र तो चालत नाही. बायकोच्या मते मी घेतलेली कुठलीही वस्तू तीन महिन्यांनी माळ्यावर जाते, आणि माळ्याला आता वस्तूंची सवय झाली आहे. तिथं पावलं मोजणारं घड्याळ आहे. ते मी हलत नाही म्हणून मला ओरडायचं. आपोआप फिरणारा केरसुणीचा डबाही आहे. तो पहिल्याच दिवशी सोलापुरी चादरीच्या दशांत अडकला आणि मदतीसाठी इंग्रजीत हाका मारत बसला.

तर मोबाईलवर एक जाहिरात आली. हाताच्या मुठीएवढी पांढरी डबी, पाइपाला पट्टीनं बांधायची. पाइपात हालचाल झाली की डबीला कळतं आणि डबी मोबाईलला कळवते. शिवाय ती म्हणे शिकते. रोज थोडी थोडी हुशार होते. मी वाचलं आणि मला वाटलं, घरात असं कुणीतरी पाहिजेच होतं.

डबी आली. अ‍ॅप घेतलं. त्यानं आधी माझे फोटो मागितले, मग ओळखीच्यांचे नंबर, मग माइक, मग मी कुठं आहे ते. पाणी कुठं आहे हे सांगायला मी कुठं आहे हे कशाला, असा विचार आला. पण नाही म्हटलं की ते मला परत पहिल्या पानावर पाठवायचं. अपुरा अर्ज घेऊन आलेल्या पोरांना आम्ही ऑफिसात असंच पाठवतो. माझ्याच पद्धतीनं मला कुणी वागवलं की मला ते बरोबर वाटतं. सगळं देऊन टाकलं. अटींची चाळीस-पन्नास पानं होती, त्यातलं शेवटचं तेवढं वाचलं. तिथं लिहिलं होतं की मी सगळं वाचलेलं आहे.

स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं पाइप भिंतीतून आत येतो, तिथं डबी बांधली. बायकोनं तिला जुन्या टॉवेलचं कव्हर शिवलं, कारण आमच्या घरात कव्हरशिवाय काही ठेवत नाहीत, रिमोटसुद्धा. आणि मग मी ते केलं ज्याचं पुढं मला प्रायश्चित्त मिळालं. डबीची सूचना थेट गल्लीच्या ग्रुपवर जाईल अशी सोय केली. बारा घरं, बारा फोन. अव्वाचं तेरावं, पण तिच्याकडं फोन नाही.

डबीचा पहिला पराक्रम गुरुवारी झाला. अव्वा त्या दिवशी दर्शनाला अक्कलकोटला गेली होती. दिवस चौथा, दुपारचे दोन, सगळी गल्ली जेवून आडवी. आणि बारा फोन एकदम वाजले: "अभिनंदन! आपले पाणी मार्गस्थ झाले आहे." नळातून हवा, मग गढूळ, मग पाणी. त्या संध्याकाळी मी दूध आणायला गेलो तर लोक दारात उभे राहून माझ्याकडं बघत होते. समोरच्या मास्तरांनी मला खुर्ची दिली. लई वर्षांनी कुणीतरी मला खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी अव्वानं मला थांबवलं. तुझी डबी लई हुशार आहे म्हणे, असं म्हणाली. मी हसून म्हणालो, "अव्वा, आता तू पाय वर घेऊन निवांत बस."

तिनं हातातली विडी पुरी केली. पाइपावरचा पाय उचलला, मांडी घातली, सूप नीट केलं. मी तिची केवढी सोय केली, या समाधानात घरी आलो. त्यानंतर गल्लीत "आलं गं" ऐकू आलं नाही.

तीन महिन्यांनी अ‍ॅपनं कळवलं की मोफतची मुदत संपली. यापुढं फुकटात सूचना मिळेल, पण वीस मिनिटं उशिरा आणि आधी एका गादीची जाहिरात बघून. लगेच हवी असेल तर वर्षाची वर्गणी. मी यावर पुष्कळ विचार केला. पाणी माझं, नळ माझा, पाइप माझ्या भिंतीतला, डबी माझ्या पैशाची. फक्त माझ्या स्वयंपाकघरात काय चाललंय ही बातमी कंपनीची. ती आधी तिच्याकडं जाते आणि मग तिला वाटलं तर मला मिळते. पूर्वी घरातली बातमी आधी शेजारी कळायची तेव्हा आम्ही त्याला चहाडी म्हणायचो, आता त्याची वर्गणी भरतो. भरली मी. मिळालेली खुर्ची सोडवत नाही.

आणि मग मुलीचं डोहाळजेवण आलं.

मुलगी पुण्याला असते. सातवा महिना लागला म्हणून आम्ही तिला घेऊन आलो. तिच्या फोनमध्ये दोन वेगळी अ‍ॅपं. एक दर तासाला तिला पाणी प्यायची आठवण करतं. सोलापुरात राहून पाणी विसरणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, पण ते पुण्यातलं असेल. दुसरं अ‍ॅप दर आठवड्याला बाळ केवढं झालं ते भाजीच्या मापात सांगतं. त्या आठवड्यात ते वांग्याएवढं होतं. माझी मोठी बहीण, आक्का, मोहोळहून शेंगांचं पोतं घेऊन डोहाळजेवणासाठीच आली होती. तिनं हे ऐकलं आणि काम थांबवलं.

"वांगं कंचं?" तिनं विचारलं. "भरायचं का भरताचं?"

अ‍ॅपमध्ये ते दिलेलं नव्हतं. "मग काय उपेग हाय त्याचा," असं म्हणून आक्का परत शेंगा निवडायला लागली.

कार्यक्रम रविवारी दुपारी. चाळीस बायका. पाणी आलेलं बुधवारी, म्हणजे पुढचं साधारण सोमवारी. मी हिशोब केला होता: हौद काटकसरीनं वापरला तर रविवार निभतो. बायको म्हणाली, निभतो नव्हे, निभलाच पाहिजे; लेकीचं पहिलं कार्य आहे, बायकांना हात धुवायला पाणी नाही असं झालं तर मी पुन्हा या गल्लीत तोंड दाखवणार नाही. तिला तोंड न दाखवता राहणं जमणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी गंभीरपणे मान डोलावली.

शनिवारी सकाळी अकरा वाजता बारा फोन वाजले. "अभिनंदन! आपले पाणी मार्गस्थ झाले आहे."

तिसराच दिवस, पण त्या पहिल्या गुरुवारीही डबी दिवसाच्या आधीच बोलली होती आणि खरी ठरली होती. बायकोच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की डबीसाठी मी आणखी एक वर्गणी भरली असती. ती म्हणाली, कार्याच्या आदल्या दिवशी पाणी, पोरीचा पायगुण. आता हौद रिकामा करून घासून घ्या, उद्या ताजं पाणी असू दे. मी पायजमा गुडघ्यावर घेतला, तळाचं बूच काढलं आणि हौदात उतरलो. उरलंसुरलं पाणी गटाराकडं जाताना मी त्याला खराट्यानं ढकललंसुद्धा. बाहेर गल्ली कामाला लागली होती. पायऱ्या धुतल्या जात होत्या. मास्तर स्कूटर धूत होते. कुणीतरी दोन चादरी भिजवून दगडावर आपटत होतं. फोन आणखी दोनदा वाजला, पुन्हा अभिनंदन, आणि लोकांना आणखी जोर आला. पाण्याला आज दाब चांगला दिसतोय, असं मास्तर म्हणाल्याचं मी हौदातून ऐकलं.

पंधरा मिनिटं झाली. नळातून हवाही नाही. अर्धा तास. फोन चौथ्यांदा वाजला. मी हौदातून वर आलो, मागच्या कोपऱ्यात गेलो, आणि मला दिसलं.

आक्का पाइपाशेजारी लोखंडी उखळ मांडून बसली होती आणि मुसळानं शेंगाची चटणी कुटत होती. चाळीस बायकांना पुरेल एवढी. आमच्याकडं ही चटणी मिक्सरमध्ये करत नाहीत. कुटल्याशिवाय शेंगेचं तेल सुटत नाही आणि तेल सुटल्याशिवाय तिला कुणी चटणी म्हणत नाही. मुसळ पडत होतं, फरशी हादरत होती, पाइप हादरत होता, आणि टॉवेलच्या कव्हरातली डबी मन लावून शिकत होती.

"आक्का, जरा थांब," मी म्हणालो. ती थांबली. "आता एक दणका दे."

तिनं दणका दिला. खिशातला फोन म्हणाला, अभिनंदन.

ही गोष्ट मी गुपित ठेवू शकलो असतो, पण तो फोन बाराजणांचा वाजला होता. पाच मिनिटांत आमच्या स्वयंपाकघरात गल्ली उभी. मास्तरांना स्वतः करून बघायचं होतं, ते शास्त्र शिकवायचे. त्यांनी मुसळ घेतलं, एकदा हळू मारलं, एकदा जोरात. हळू मारल्यावर डबीनं नुसतं अभिनंदन केलं, जोरात मारल्यावर म्हणाली की प्रवाह उत्तम आहे. मागून कुणीतरी म्हणालं, क्लार्कसाहेब, आता चटणीच भरून घ्यावी काय पिंपात. लोक हसले, पण ज्यांच्या चादरी अर्ध्या साबणात होत्या ते नाही हसले. आक्का मुसळ परत मागत होती.

"म्या शेंगा बी कुटू न्हाय व्हय?" ती म्हणाली. "तुमचं पाणी माझ्या हातात हाय हे मला कुणी सांगितलं व्हतं का?"

टँकरवाल्याला फोन केला. लग्नसराई होती, तो मंगळवारी येतो म्हणाला. मग कंपनीला फोन केला. आधी यंत्र बोललं: पाणी जास्त असल्यास एक दाबा, कमी असल्यास दोन दाबा. नसल्यास काय दाबायचं ते सांगितलं नाही. बऱ्याच संगीतानंतर एक मुलगी आली. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि माझी गैरसोय तिला समजते म्हणाली.

"सर, डिव्हाइस बरोबर काम करतंय. त्यानं कंपन ओळखलं."

"पण पाणी आलं नाही."

"सर, ते कंपन ओळखतं. पाणी आलं असेल असा अंदाज करतं."

"मग ते अभिनंदन कशाचं करतं?"

तिनं मला दोन मिनिटं थांबायला सांगितलं. पुन्हा संगीत. मग तिनं विचारलं की कंपन कशामुळं झालं. मी म्हणालो, शेंगाची चटणी. तिनं ते टाइप केल्याचा आवाज मला आला. मग म्हणाली की ही सूचना फार मोलाची आहे, आणि बोलणं संपल्यावर मी तिला पाच तारे देईन का. मी दिले. ती पोरगी चांगली होती. तिच्या घरी पाणी रोज येत असावं, इतकंच.

बायको हौदाच्या काठावर बसली होती. रडत नव्हती. घरात काय आहे ते मोजत होती: देवघरातला एक तांब्या, फ्रिजमधल्या दोन बाटल्या, आणि मुलीच्या हातातला पेला, कारण तिच्या फोननं नुकतीच तिला पाणी प्यायची आठवण केली होती. उद्या चाळीस बायका.

गल्लीत पाणी कुणाकडं उरलंय हे सगळ्यांना माहीत होतं. आणि जायचं मला होतं, हेही.

अव्वा पायरीवर मांडी घालून विड्या वळत होती. तिच्या पायरीवर पाण्याचा थेंब नव्हता. मी कळशी पाठीमागं धरून उभा राहिलो. कळशी लपत नाही.

"डबीला विचारलंस का?" ती म्हणाली.

"विचारलं. अभिनंदन म्हणाली."

अव्वा हसली तेव्हा सुपातला तंबाखू सांडला. तो तिनं एकेक चिमूट उचलून परत सुपात टाकला. मी म्हणालो, अव्वा, सगळे ओतत होते तेव्हा तू सांगायचं तरी. तर ती म्हणाली, बघत होते की. मला वाटलं यंत्राला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. तूच म्हणालास ना पाय वर घेऊन बस, बसले. मग तिनं विचारलं किती बायका, मी सांगितलं चाळीस. पोरगी कितव्या महिन्यात, मी सांगितलं सातव्या.

"माझ्यासमोर रांगली ती या गल्लीत," अव्वा म्हणाली. "आणि तिच्या डोहाळजेवणाला मला बोलावणं नाही."

बोलावणं ग्रुपवर टाकलं होतं. फुलांचं चित्र होतं त्यात, मुलीचा फोटो, खाली झोपाळा हलत होता. बारा घरांनी हात जोडल्याची चित्रं परत पाठवली होती. तेरावं घर माझ्या लक्षातच आलं नाही, कारण ते फोनमध्ये नव्हतं.

मी कळशी तिथंच ठेवून घरी गेलो आणि बायकोला सांगितलं. बायकोनं माझ्याकडं जे बघितलं ते मी इथं लिहीत नाही. तिनं साडी बदलली, ताटात नारळ आणि खण घेतला, मुलीला बरोबर घेतलं, आणि दोघी अव्वाच्या दारात जाऊन रीतीनं बोलावणं करून आल्या. मुलगी वाकायला लागली तर अव्वानं वाकू दिलं नाही. पोटावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तशीच बसली. नंतर मुलगी म्हणाली, बाबा, त्या ऐकत होत्या.

मग अव्वानं मागचं दार उघडून दिलं.

सूत रंगवायचा तो हौद अर्ध्याहून जास्त भरलेला होता. तिच्या घरात माणसं तीन. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बारा घरांना तिनं पाणी दिलं, आमच्या घरी सगळ्यांत जास्त, आणि ते सगळं मी वाहिलं. बायकांनी कळशा घेतल्या तर ती म्हणायची, राहू दे, क्लार्क नेईल. माझ्या पावलं मोजणाऱ्या घड्याळानं हे बघायला हवं होतं. शेवटच्या खेपेला तिनं मला थांबवून व्यवहार सांगितला. "पाय माझा, फोन तुझा. मी सांगणार, तू सगळ्यांना कळवणार. डबीला मधे बोलू द्यायचं नाही." मी कबूल झालो. पण वर्षाची वर्गणी भरलेली होती, म्हणून डबी काढली मात्र नाही. मध्यमवर्गात हे असंच चालतं.

रविवारी दुपारी बैठकीच्या खोलीत झोपाळा फुलांनी सजवला. मुलगी हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने. चाळीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, अव्वा झोपाळ्याच्या अगदी शेजारी, इरकली नेसून. माझं काम दारात सरबताचा ट्रे धरून उभं राहायचं. दोन वाट्या झाकून समोर ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. मुलीनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हे अ‍ॅपला विचारायची सोय नाही म्हणून अजून चाललंय.

बायका गाणं म्हणत टाळ्या देत होत्या. मुलीनं डावीकडच्या वाटीवर हात ठेवला. आणि खोलीतले सगळे फोन वाजले.

"अभिनंदन! आपले पाणी मार्गस्थ झाले आहे."

मग असं हसू उसळलं की झोपाळा हलला. आक्का म्हणाली, "ह्या डबीला बी डोहाळे लागले का काय." बायका डोळे पुसायला लागल्या. फोन पुन्हा वाजले. पुन्हा हसू. मी ट्रेमागं तोंड लपवत होतो. तिसऱ्यांदा वाजले तेव्हा कुणी वर बघितलंसुद्धा नाही, गाण्याचं पुढचं कडवं सुरू झालं.

अव्वा तेवढी उठली. भिंतीचा आधार घेत बायकांमधून वाट काढत ती मागं गेली. मी तिच्या मागोमाग. कोपऱ्यात जाऊन तिनं इरकलीचा काठ जरा वर घेतला, टॉवेलच्या कव्हराला जराही न शिवता त्याच्याखाली पाइपावर उजवा पाय ठेवला, आणि उभी राहिली. उखळ रिकामं पडलं होतं. मुसळ भिंतीला टेकलं होतं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग त्या बारीक देहातून जी हाक निघाली ती तीन महिने साठलेली असावी.

"आलं गं."

गाणं तिथंच तुटलं. जरीच्या चाळीस साड्या एकदम उठल्या. ओट्या, पर्स, अर्धं प्यालेलं सरबत सगळं टाकून बायका दारातून बाहेर पडल्या. ज्या गल्लीतल्या नव्हत्या त्यासुद्धा, सवयीनं. डबी बरोबर होती. एकदाची ती खरं बोलली होती, तीनदा सांगितलं होतं तिनं, आणि मला हे कुणाला तरी दाखवायचं होतं. वळून बघितलं तर कुणी नव्हतं.

बाहेर आलो. पदर खोचून बायकांनी आपापल्या दारात पिंपं आडवी केली होती. अव्वाच्या हौदातलं पाणी, काल मी पाठीवर वाहिलेलं, पायऱ्यांवरून गटाराकडं चाललं होतं. ते शिळं झालं होतं. अव्वा माझ्या दारात उभी राहून ते जाताना बघत होती.

"माझं पण?" ती म्हणाली.

मी तिला खुर्ची आणून दिली. ती बसली आणि पायाच्या अंगठ्यानं माझ्या पायरीवरचा एक ओघळ तुळशीकडं वळवला.

आत खोलीत मुलगी एकटी झोपाळ्यावर बसली होती, हात अजून डावीकडच्या वाटीवर. उठता येत नव्हतं, फुलं सांडली असती. शेजारी तिचा फोन वाजला. या वेळी अभिनंदन नव्हतं. पाणी प्यायची वेळ झाली होती.

"बाबा," ती म्हणाली, "आहे का?"

झोपाळ्यामागं, पडद्याच्या आड, मी कालची एक घागर लपवून ठेवली होती. बायकोला सांगितलं नव्हतं. माझा कशावरच विश्वास उरला नव्हता, ना डबीवर, ना नळावर, ना बायकोच्या ताज्या-शिळ्यावर. मी पेला भरून दिला. तिनं एका घोटात संपवला आणि आणखी मागितला.

"वाटी उघडू?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, थांब, सगळ्यांची भांडी भरू देत. बाहेर कळशांवर कळशा आपटत होत्या, पाइप थरथरत होता, आणि आतल्या कोपऱ्यात डबी एकटीच आमचं अभिनंदन करत होती. दोन दिवसांनी कंपनीचं पत्र आलं की माझ्या मोलाच्या सूचनेवरून त्यांनी नवी सोय आणली आहे, चटणी कुटताना डबी गप्प बसेल, फक्त त्याची वर्गणी निराळी आहे. मी ते अव्वाला वाचून दाखवलं. ती पायरीवर बसली होती, पाय पाइपावर. तिनं विडीला दोरा गुंडाळला आणि म्हणाली, "गप्प बसायचे पैसे घेतात?" मग जरा विचार करून म्हणाली की तसं असेल तर तीन महिन्यांचे तिचेही निघतात.